लिस्टेड कंपनीची दहा वर्षांची तब्येत कशी जोखायची? (नफ्याचा आकडा सोडून)

खतावणी

भाव, पीई, पुढच्या तिमाहीचा अंदाज यांवर धागे पुष्कळ आहेत, हा त्यांतला नाही. इथे प्रश्न एवढाच आहे: एखादी मोठी, बँक नसलेली लिस्टेड कंपनी आपली देणी आपल्या कमाईतून फेडत आली आहे का आणि पुढेही फेडू शकेल का? आणि हे घरी बसून, फुकट मिळणाऱ्या कागदांवरून कसं तपासायचं?

लागतं काय? दहा वर्षांचे वार्षिक अहवाल, एक कोरी शीट आणि दोन-तीन संध्याकाळी. आकडे कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्यांसकट, घ्यायचे. स्टँडअलोन (एकट्या मूळ कंपनीचा) ताळेबंद स्वच्छ आणि कर्ज सगळं उपकंपन्यांत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

माझी सुरुवात कॅश फ्लोपासून होते, नफा-तोटा पत्रक नंतर. दहा वर्षांची बेरीज एकाच रकान्यात मांडा. उदाहरणादाखल क्ष कंपनी घेऊ, आकडे कोटींत:

दहा वर्षांचा निव्वळ नफा १२,०००
कामकाजातून आलेली रोकड १३,५००
भरलेलं व्याज ३,६००
भाडेपट्ट्यांचे हप्ते ९००
यंत्रं, इमारती, जमीन यांवर खर्च ११,०००
लाभांश ३,०००

तयार रेशो दाखवणारी संकेतस्थळं इथे १३,५०० भागिले १२,००० करून ११२ टक्के दाखवतात आणि हिरवी खूण करतात. पण इंड एएस ७ (रोकड पत्रकाचं भारतीय लेखामानक) प्रमाणे बिगर-वित्तीय कंपनीने भरलेलं व्याज 'फायनान्सिंग'मध्ये जातं, कामकाजाच्या रोकडीतून वजा होत नाही. २०१९-२० पासून इंड एएस ११६ मुळे भाडेपट्ट्याच्या हप्त्याचा मोठा भागही तिकडेच गेला. हे दोन्ही वजा करा: १३,५०० मधून ४,५०० गेले, उरले ९,०००. खर्च ११,०००, म्हणजे २,००० कमी. वर लाभांश ३,०००. एकूण खड्डा ५,०००, आणि तो कुठून भरला तर कर्जातून. लाभांश उधारीवर वाटला गेला आहे.

खड्डा म्हणजे लगेच वाईट असं नाही. ११,००० चा कारखाना उभा राहिला आणि चालू झाला असेल तर पुढची दहा वर्षं वेगळी दिसतील. पण तो खर्च झाल्यावर तीन-चार वर्षांनीही कामकाजाची रोकड वाढलेली नसेल, तर पैसा मातीत गेला असं मी धरतो.

रोजकीर्द

बेरीज दहा वर्षांची घेता हे बरं. एका वर्षाची रोकड ३१ मार्चला हवी तशी दाखवता येते, दहा वर्षांची नाही. ती कशी सजते तेही सांगून ठेवतो.

एक, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्राहकांची बिलं बँकेला किंवा फॅक्टरिंग कंपनीला विकायची. येणी घटतात, रोकड वाढते, एप्रिलमध्ये पुन्हा जैसे थे. दोन, पुरवठादारांची देणी लांबवायची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकबाकी नोट्समध्ये वेगळी छापावी लागते, ती दरवर्षी फुगत असेल तर कंपनी लहान माणसाच्या पैशावर चालली आहे.

दोन्हींवर उतारा एकच. वर्षाचा व्याजखर्च भागिले सरासरी कर्ज. सुरुवातीचं आणि शेवटचं कर्ज घेऊन सरासरी काढा, त्यात सप्टेंबरचा आकडाही मिसळा, सहामाही निकालांबरोबर ताळेबंद येतोच. बाजारात अशा कंपनीला ९ टक्क्यांनी कर्ज मिळत असताना तुमचं उत्तर १५ आलं, तर वर्षभर कर्ज बरंच जास्त होतं आणि फक्त ३१ मार्चला खाली आणलं गेलं. उत्तर ५ आलं तर उलट शंका घ्या: व्याज नफा-तोट्यात न येता कुठेतरी भांडवली खात्यात चाललंय. फायनान्स कॉस्टच्या टिपेत भांडवली केलेलं व्याज वजा केल्याची ओळ असते, ती बघा. मात्र कर्ज डॉलर-येनमध्ये असेल तर ५ टक्केही खरे असू शकतात.

अवांतर: साखर कंपन्यांना ही सप्टेंबर-मार्चची तुलना उलटी लावा. गाळप संपता संपता, म्हणजे मार्चला, गोदामं भरलेली आणि कर्ज शिखरावर असतं. तिथे सप्टेंबरचा आकडा बघून 'कर्ज उतरलं' म्हणणं फसवं.

काठावरचा

धागा वाचतोय. दोन बाळबोध प्रश्न. वार्षिक अहवाल चारशे पानांचा असतो, त्यातलं नेमकं काय वाचायचं? आणि कर्ज शून्य असलेली कंपनी निवडली तर हे सगळं टाळता येईल ना?

खतावणी

@काठावरचा, बाळबोध नाहीत. पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याचं कोणीतरी देईलच.

अध्यक्षांचं पत्र, रंगीत फोटो, पुरस्कार हे सोडा. स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल शोधा. त्यात 'क्वालिफाइड' (ऑडिटरचा आक्षेप), 'एम्फसिस ऑफ मॅटर' (मुद्दाम लक्ष वेधलेली बाब) आणि 'गोइंग कन्सर्न' (कंपनी चालू राहील का ही शंका) हे तीन शब्द आहेत का ते बघा. मग की ऑडिट मॅटर्स. ऑडिटरला घाम कुठे फुटला ते तिथे कळतं. तोच मुद्दा सलग चार वर्षं येत असेल तर संबंधित टीप चारही वर्षांची शेजारी शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर ऑडिट अहवालाचं परिशिष्ट, कारो २०२० चं, म्हणजे ऑडिटरने काय काय सांगायचं याच्या सरकारी आदेशाप्रमाणे दिलेलं. हे स्टँडअलोन अहवालाला जोडलेलं असतं, म्हणून कन्सॉलिडेटेडवाले ते वाचतच नाहीत. २०२१-२२ पासून त्यात कामाची कलमं आहेत:

२(ब): बँकेकडे दर तिमाहीला दिलेली साठ्याची-येण्यांची पत्रकं पुस्तकांशी जुळतात का. न जुळल्यास तक्ता छापलेला असतो. फरक किती आणि कोणत्या दिशेने ते बघा. बँकेला साठा सतत जास्त दाखवला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

७(ब): कोर्टात अडकलेले कर, कोणत्या वर्षाचे, कोणापुढे.

९(ड): अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामाला लावला का. इथे 'होय' आलं की मी पेन खाली ठेवतो.

१८: वर्षभरात ऑडिटर राजीनामा देऊन गेला का. मुदत संपून बदलणं वेगळं, मध्येच जाणं वेगळं.

१९: पुढच्या एका वर्षातली देणी भागतील का, यावर ऑडिटरचं मत.

मग नोट्स. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ (ताळेबंदाचा नमुना) मधल्या बदलांमुळे येणी, देणी आणि अपूर्ण बांधकामं यांची वयं आता छापून येतात. येणी ६ महिन्यांच्या आतली, ६ महिने ते १ वर्ष, १ ते २, २ ते ३ आणि ३ वर्षांवरची. तीन वर्षांवरची येणी मोठी आणि त्यावर तरतूद किरकोळ असेल, तर तो नफा आधीच खाऊन झालाय, तोटा फक्त लिहायचा राहिलाय. अपूर्ण बांधकामाचंही तेच. तीन वर्षं 'प्रगतिपथावर' असलेल्या प्रकल्पाला घसारा लागत नाही, त्याचं व्याजही काही काळ भांडवली खात्यात बसतं. सुरू झाला की दोन्ही एकदम अंगावर येतात.

त्याच बदलांत ११ रेशो छापणं आलं आणि कोणताही २५ टक्क्यांहून जास्त हलला तर कारण देणंही. कारणं वाचा. 'नफा घटल्यामुळे नफ्याचं प्रमाण घटलं' असलं स्पष्टीकरण देणारी वित्त विभागाची मंडळी काय प्रतीची असतील ते समजून घ्या.

पावकी

दुसऱ्या प्रश्नावर: कर्जमुक्त कंपनीत कर्जाची तपासणी वाचते, रोकडीची वाढते. खोटे हिशेब दाखवणाऱ्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण जुनं झालं म्हणून कोणी देत नाही, पण त्याच्या आकड्यांकडे नीट बघा. तिच्या अध्यक्षांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रानुसार ३० सप्टेंबर २००८ ला ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी होती. त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. शिवाय साठलेलं व्याज म्हणून दाखवलेले ३७६ कोटीही नव्हते. त्या तिमाहीत ६४९ कोटींचा परिचालन नफा दाखवला, खरा ६१ कोटी होता.

आता नेहमीची परीक्षा लावून बघा, म्हणजे व्याजाचं उत्पन्न भागिले रोकड. ३७६ ला ५,३६१ ने भागलं तर ७ टक्के, अगदी भोळंभाबडं उत्तर. खोटी रोकड दाखवणारा खोटं व्याजही दाखवतो, तो काही खुळा नाही. म्हणून दर तपासून थांबू नका. व्याज हातात पडलं का ते बघा. कॅश फ्लोमध्ये 'इन्व्हेस्टिंग'खाली 'मिळालेलं व्याज' असतं, ते नफा-तोट्यातल्या व्याजाशी जुळवा. ताळेबंदातलं 'साठलेलं पण न मिळालेलं व्याज' वर्षभराच्या व्याजाएवढं असेल, तर ती ठेव कोणत्या बँकेत आणि कोणत्या जगात आहे असा प्रश्न पडायला हवा.

दुसरी खूण साधी आहे. तिजोरीत हजारो कोटी आणि तरी ११ टक्क्यांनी कर्ज काढलेलं. कारण विचारल्यावर 'लवचिकता' हे उत्तर. रोकड परदेशी उपकंपनीत अडकली असेल, गहाण असेल किंवा नसेलच. गहाण किंवा राखीव शिल्लक नोट्समध्ये वेगळी लिहिलेली असते.

दीडदमडी

सगळं ठीक, पण तुम्ही ताळेबंदात जे छापलंय तेच बघताय. मारून टाकणारं देणं बऱ्याचदा ताळेबंदात नसतंच, संभाव्य देण्यांच्या टिपेत असतं.

दूरसंचारमधला एजीआरचा वाद घ्या, म्हणजे सरकारला द्यायचं शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचं याचा. वर्षानुवर्षं टिपेत, 'कायदेशीर सल्ल्यानुसार तरतुदीची गरज नाही' या वाक्यासकट. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि व्होडाफोन आयडियाने जुलै-सप्टेंबर २०१९ तिमाहीचा तोटा जाहीर केला ५०,९२१ कोटी, तोवरचा भारतातला विक्रमी. त्याच तिमाहीत भारती एअरटेलचा तोटा २३,०४५ कोटी. मूळ रकमेपेक्षा व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज हेच मोठं होतं.

रोजकीर्द

@दीडदमडी, मान्य, पण हे उदाहरण मागे वळून सोपं दिसतं. टिपेतला प्रत्येक दावा खरा धरायचा तर भारतात एकही कंपनी निरोगी ठरणार नाही. कर खाते आणि कंपनी यांचं भांडण पंधरा वर्षं चालतं आणि बऱ्याचदा खाते हरतं.

मी काय करतो: दावे तीन ढिगांत टाकतो. आयकराचे, विशेषतः वर्षागणिक तोच मुद्दा असणारे, पाव किमतीला. अप्रत्यक्ष कर अर्ध्या किमतीला. आणि परवाना, खाण, स्पेक्ट्रम, पर्यावरण यांतले, म्हणजे ज्यांत सरकार स्वतःच पुरवठादार आहे, ते पूर्ण किमतीला व्याजासकट. बेरीज नक्त मत्तेच्या (मालमत्ता वजा देणी) तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाली तर ती कंपनी माझ्यासाठी बाद. हे हिशेब अंदाजाचे आहेत, नियम नव्हे.

आणि एअरटेलच्या बाबतीत दुसरी गोष्ट दिसते. फटका दोघांना बसला, पण जानेवारी २०२० मध्येच एअरटेलने शेअर आणि परिवर्तनीय रोखे विकून ३०० कोटी डॉलर उभे केले आणि २०२१ मध्ये २१,००० कोटींचा राइट्स (आहे त्याच भागधारकांना नवे शेअर) आणला. व्होडाफोन आयडियात फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारला व्याजापोटी १६,१३३ कोटींचे शेअर घ्यावे लागले. 'अडचणीच्या वर्षी या कंपनीला कोण पैसे देईल' हा प्रश्न कुठल्याच रेशोत नसतो. प्रवर्तकांचे शेअर आधीच गहाण असतील तर उत्तर 'कोणी नाही'. गहाणाचा आकडा दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये असतो. तो प्रवर्तकांच्या हिश्श्याच्या किती टक्के ते बघा, एकूण भांडवलाच्या टक्क्यांत तो लहान दिसतो.

सावली

एवढं करण्यापेक्षा क्रेडिट रेटिंग बघितलं तर? एजन्सीला आतली माहिती असते. आणि दिवाळखोरीचा अंदाज देणारा अल्टमन झेड-स्कोअर आहेच, पाच आकडे टाकले की उत्तर.

खतावणी

झेड-स्कोअरचं आधी. १९६८ चं सूत्र, अमेरिकेतल्या कारखानदार कंपन्यांवर बेतलेलं. १.८१ च्या खाली धोका, २.९९ च्या वर सुरक्षित. त्यातला एक घटक शेअरचं बाजारमूल्य भागिले एकूण देणी. म्हणजे तेजीत भाव चढला की कंपनी आपोआप निरोगी. ज्या वेळी तपासणीची सर्वात जास्त गरज, नेमकं तेव्हाच ते गोड बोलतं. खेळतं भांडवलही (चालू मालमत्ता वजा चालू देणी) त्यात अधिक गुणांचं. त्यामुळे रोखीने विकणारी आणि पुरवठादाराला साठ दिवसांनी देणारी हिंदुस्तान युनिलिव्हरसारखी कंपनी त्या घटकात मार खाते, जे तिचं बळ आहे. वीज, टेलिकॉम, बँका यांना तर लावूच नका.

रेटिंगची अक्षरं सोडा, रॅशनेल, म्हणजे एजन्सीने दिलेली कारणं, वाचा. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळांवर फुकट असतं. त्यात वार्षिक अहवालात न सापडणाऱ्या दोन गोष्टी मिळतात. गेल्या बारा महिन्यांत बँकेने मंजूर केलेली कर्जमर्यादा सरासरी किती टक्के वापरली, आणि कोणत्या परिस्थितीत मानांकन खाली जाईल. मर्यादा सतत ९० च्या वर वापरलेली असेल तर श्वास घ्यायला जागा नाही. 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' दिसलं तर कंपनी एजन्सीलाही कागद देत नाही.

अक्षरांवर विसंबू नये याचं कारण आयएल अँड एफएस, पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारा समूह. जुलै २०१८ मध्ये ट्रिपल ए (सर्वात वरचं), सप्टेंबरच्या मध्याला डी (देणं चुकवलं). १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ बदललं, तेव्हा समूहाचं कर्ज ९० हजार कोटींच्या वर होतं. होल्डिंग कंपनी लिस्टेड नव्हती, पण रोगाचं नाव सगळ्यांना लागू आहे: वीस-तीस वर्षांत पैसे देणारे रस्ते आणि काही महिन्यांत परत मागणारी कमर्शियल पेपरं.

याची तपासणी एका तक्त्यात होते. 'लिक्विडिटी रिस्क' नावाची टीप काढा. पुढच्या १ वर्षात, १ ते ५ आणि त्यापुढे काय फेडायचं, हे व्याजासकट तिथे असतं. पहिल्या रकान्यातली कर्जफेड घ्या. तिच्यासमोर रोकड, लिक्विड फंड आणि वर सांगितलेली व्याज वजा रोकड ठेवा. पूर्ण भागत नसेल तर ती कंपनी दरवर्षी कोणाच्या तरी मर्जीवर जगते. मर्जी वीस वर्षं टिकते आणि एका आठवड्यात जाते.

पावकी

त्याच तक्त्यात परिवर्तनीय रोखे कुठे टाकलेत तेही बघा. पुण्याच्या सुझलॉन या पवनचक्की कंपनीचं तेच झालं. रोखे शेअरमध्ये बदलले जातील या हिशेबावर परकीय कर्ज काढलं. भाव ठरलेल्या किमतीच्या पार खाली गेल्यावर शेअर कोण घेणार, सगळ्यांनी रोख मागितली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी डॉलर देता आले नाहीत. तिची जर्मनीतली उपकंपनी रीपॉवर, नंतरची सेन्व्हियन, २०१५ मध्ये १०० कोटी युरोला विकावी लागली. भाव परिवर्तनाच्या किमतीखाली असेल तर असा रोखा सरळ कर्ज समजा, तारीख वहीत लिहा.

दीडदमडी

आणखी एक जागा: संशोधन आणि विकासाचा खर्च. वाहन, औषध, सॉफ्टवेअर कंपन्या त्यातला काही भाग मालमत्ता म्हणून लिहितात. नफा चांगला दिसतो, रोकड मात्र जातच असते. टाटा मोटर्सने ऑक्टोबर-डिसेंबर २०१८ मध्ये जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेतून २७,८३८ कोटी एका झटक्यात वजा केले, तिमाहीचा तोटा २६,९६१ कोटी. 'रोख बाहेर गेली नाही' असं अशा वेळी सांगितलं जातं. बरोबरच आहे, ती आधीच्या वर्षांत गेली होती.

म्हणून अशा कंपनीत भांडवली केलेला विकास खर्च नफ्यातून वजा करा, त्यावरची घसाऱ्यासारखी रक्कम परत मिळवा, आणि मग व्याज किती पट भागतं ते बघा. तेही दहा वर्षांच्या सरासरीवर नको, सर्वात वाईट वर्षाचं घ्या. पोलाद, वाहन, रसायनं यांची सरासरी नेहमीच देखणी असते. वाईट वर्षी व्याज दीडपटही भागत नसेल तर दोन वाईट वर्षं लागोपाठ आली की संपलं.

काठावरचा

बँकांना यातलं काय लागू?

रोजकीर्द

जवळजवळ काहीच नाही. कर्ज हाच त्यांचा कच्चा माल, कॅश फ्लो पत्रक तिथे बिनकामाचं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तीनच गोष्टी. एकूण एनपीएच्या (थकीत कर्जांच्या) टक्क्यांवर जाऊ नका, राइट-ऑफ केलं की तो आकडा वसुलीशिवाय खाली येतो. वर्षभरात नव्याने किती कर्ज बिघडलं, म्हणजे स्लिपेज, ते बघा. आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर तो छापावा लागतो. येस बँकेने २०१५-१६ चा एनपीए ७४९ कोटी दाखवला होता, रिझर्व्ह बँकेच्या मते ४,९२६ कोटी होता. हे २०१७ मध्ये उघड झालं. मोरॅटोरियम, म्हणजे पैसे काढण्यावर बंधन, आला ५ मार्च २०२० ला. मध्ये जवळजवळ तीन वर्षं कागद सगळ्यांसमोर होता.

काठावरचा

शीट करायला घेतली. एक अडचण: २०१८-१९ च्या अहवालातलं अल्प मुदतीचं कर्ज आणि हल्लीचं जुळतच नाही, एकदम उडी दिसते. मी चुकतोय का?

खतावणी

नाही. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा पुढच्या वर्षात येणारा हप्ता पूर्वी 'इतर वित्तीय देणी'मध्ये लपलेला असायचा, २०२१-२२ पासून तो कर्जातच दाखवतात. जुन्या वर्षांत तो त्या टिपेतून काढून हाताने मिळवा. तयार संकेतस्थळांचे जुने आकडे इथेच तोकडे पडू शकतात.

आणि प्रत्येक वर्षाचा आकडा त्याच वर्षाच्या अहवालातून घेऊ नका, पुढच्या वर्षीच्या अहवालात शेजारच्या रकान्यात छापलेला घ्या. दोन्ही जुळत नसतील त्या ओळीला पिवळा रंग द्या. खाली 'रीग्रुप्ड' किंवा 'रीस्टेटेड' अशी बारीक टीप असेल. शीट पुरी झाली की आधी त्या पिवळ्या ओळींची यादी इथे टाका, बाकीचं नंतर बघू.